फवारणीचं इमान

देवपुरात राहणाऱ्या माणसाला विमानाचं कौतुक उरत नाही. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालावेत तर डोक्यावरून एक छोटं विमान घरघरत जातं, पाच-सात मिनिटांनी तेच परत येतं, पुन्हा जातं. गोंदूरची धावपट्टी इथून हाकेच्या अंतरावर आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबनं शिकवण्याचं बिऱ्हाड जुहूहून धुळ्याला हलवलं, तेव्हापासून पांझरेकाठच्या लोकांना ही घरघर एकवीरा देवीच्या घंटेइतकी ओळखीची झाली आहे. पाहुणे तेवढे मान वर करतात. तिकडे शिरपूरला एनएमआयएमएसची विमान अकादमी आहे, तिची पोरं सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत घिरट्या घालतात. खेड्यातली म्हातारी माणसं विमानाला अजून ‘इमान’च म्हणतात, आणि त्यांना सुधारायला कुणी जात नाही.

१६ जुलै २०२१. शुक्रवारची दुपार कलत असताना फोन वाजू लागले. चोपडा तालुक्यात वर्डीच्या वर, सातपुड्यात, हेलिकॉप्टर पडलं म्हणे. पहिले दोन तास सगळीकडे हेलिकॉप्टरच होतं. मग कळलं की हेलिकॉप्टर नव्हे, शिरपूरच्या अकादमीचं दोन आसनी टेक्नम विमान. शिकवणारा वैमानिक जागीच गेला होता. शिकणारी तरुणी जखमी होती, पण जिवंत होती.

त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “फवारणीचं होतं का रे?”

मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. मामांची उभी हयात कपाशीत गेली. तंबूतल्या सिनेमाआधी लागणाऱ्या सरकारी वार्तापटात त्यांनी एकदा पिकावरून सूर मारत जाणारं, मागे पांढरा पट्टा सोडणारं विमान पाहिलं होतं. शेतावर विमान पडलं म्हणजे ते औषध मारायलाच आलेलं असणार, हा त्यांचा हिशेब. हिशेब चुकला होता, पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. ज्या मुलखात दोन-दोन ठिकाणी वैमानिक घडतात आणि जिथे कपाशीवर औषधाचे इतके हात मारले जातात, तिथे फवारणीचं विमान का नाही? आणि ते असतं, तर काय झालं असतं?

गंमत अशी की विमानातून फवारणीचा धंदा मुळात कापसानंच उभा केला. पहिला प्रयोग झाडांवरचा. ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावाजवळ जॉन मॅकरेडी या लष्करी वैमानिकानं ‘जेनी’ जातीच्या विमानातून कॅटाल्पा झाडांवरच्या अळीसाठी शिसं-आर्सेनिकची भुकटी उडवली. पण पैसा आला तो दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात. तिथे बोंड पोखरणाऱ्या एका सोंडकिड्यानं शेतकऱ्यांना जेरीला आणलं होतं. हफ-डेलंड डस्टर्स नावाची कंपनी त्या कापसावर कॅल्शियम आर्सेनेटची धूळ मारू लागली, आणि तिकडचा हंगाम संपला की पेरू देशातल्या कापसावर जाऊ लागली. पुढे लुइझियानातल्या मन्रोमध्ये हीच कंपनी ‘डेल्टा’ झाली आणि १९२९ मध्ये तिनं प्रवासी न्यायला सुरुवात केली. आज अटलांटाहून जगभर उडणारी डेल्टा एअरलाइन्स ती हीच. बोंडातल्या किड्याच्या पाठीवर बसून मोठी झालेली विमान कंपनी, असं म्हटलं तर जळगावच्या मार्केट यार्डात लोकांना पटेल.

धूळ मागे पडली, पातळ औषधं आली, पण उडण्याची रीत तीच राहिली आणि मरण्याचीही.

हे काम कसं चालतं ते नीट पाहिल्याशिवाय त्यातले अपघात कळत नाहीत. वैमानिक पिकाच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटरवर विमान आणतो. ताशी दोनशे किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पंचावन्न मीटर. आपलं दोन एकरांचं वावर दोन सेकंदांत संपतं. पट्टा संपला की औषध बंद करायचं, नाक वर घ्यायचं, झाडं किंवा तारा ओलांडायच्या, आधी एका बाजूला कलून मग उलटं वळून शेजारच्या पट्ट्यावर परत यायचं. बैल औताला वळवतात तसंच, फक्त हवेत. टाकी भरलेली असताना हे वळण फार घट्ट घेतलं तर पंखावरून वाहणारी हवा सुटते, पंख उचल धरत नाही, आणि विमान एका पंखावर लोळण घेतं. हजार मीटरवर असं झालं तर सावरायला जागा असते. तीस मीटरवर नसते. दिवसातून असं वळण शंभरदा घ्यायचं असतं, तेही पहाटेपासून, कारण वारा पडलेला असतो तो तेव्हाच.

दुसरा वैरी तार. इथे एक गोष्ट मला फार अस्वस्थ करून गेली. तारेत अडकून पडलेल्या वैमानिकांपैकी कितीतरी जणांना ती तार ठाऊक होती. सकाळी वरून फेरी मारताना त्यांनी ती पाहिलेली होती. चाळिसाव्या फेरीला नोझल तपासताना, पट्टा जुळवताना, डोळ्यांवर ऊन आलेलं असताना ती विसरली गेली. गावातल्या माणसाचा पाय रोजच्या ओळखीच्या उंबऱ्यालाच ठेचकाळतो, तसं हे.

तिसरा वैरी टाकीत. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅराथिऑनसारखी सेंद्रिय फॉस्फरसची औषधं आली. त्यांचा अंश डोळ्यांत गेला तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, धूसर दिसू लागतं, अंतराचा अंदाज जातो. जमिनीवरच्या माणसाला हे झालं तर तो बांधावर बसेल. दोन मीटरवरून उडणाऱ्यानं काय करायचं?

त्या काळात लष्करानं मोडीत काढलेली स्टीअरमन विमानं स्वस्तात घेऊन त्यांत टाकी ठोकत. फ्रेड वाइक या अभियंत्यानं १९५० मध्ये टेक्सासच्या कृषी महाविद्यालयात ‘एजी-१’ नावाचं विमान खास या कामासाठी आखलं. विमान पडणार हे त्यानं धरूनच चाललेलं दिसतं. आधी इंजिन, त्यामागे औषधाची टाकी, आणि तिच्याही मागे, उंचावर, लोखंडी पिंजऱ्यात वैमानिक. आपटलं तर पुढचा भाग चेचून जावा, टाकीचं वजन माणसाच्या पाठीवर येऊ नये, आणि भक्कम पट्ट्यांनी त्याला जागेवर धरून ठेवावं. तार कापायला पुढे धारदार पाती. आज जगातलं जवळपास प्रत्येक फवारणीविमान याच आराखड्याचं आहे. कुबडासारखी वर आलेली वैमानिकाची खोली दिसली की ओळखावं. मला हा वाइक फार आवडतो. ‘काळजीपूर्वक उडवा’ एवढा सल्ला देऊन तो थांबला नाही, चुकणाऱ्या माणसासाठी त्यानं जागा करून ठेवली.

तरीही माणसं जातातच. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१३ या एका वर्षातले शेतीविमानांचे ७८ अपघात एकत्र तपासले, त्यांतले नऊ जीवघेणे होते. १० जानेवारी २०११ चा एक अपघात तर आमच्या साक्रीकरांनी वाचावा असा आहे. कॅलिफोर्नियात ओकलीजवळच्या एका बेटावर एक अनुभवी वैमानिक गव्हाचं बी विमानातून पेरत होता. शेतात वारा मोजण्याचा एक मनोरा उभा होता. दोनशे फुटांहून जरासा ठेंगणा, कारण त्या वेळी दोनशेच्या वर गेला तरच त्याला रंग आणि दिवा लावावा लागे. राखाडी, सडपातळ, ताणतारांवर उभा. वैमानिकाला तो दिसला नाही. पवनचक्की लावायच्या आधी वारा मोजायला असे मनोरे सगळीकडेच उभे करतात, आणि साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर आज केवढ्या पवनचक्क्या आहेत हे नंदुरबारच्या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको.

भारतातही हे विमान होतं, आणि स्वदेशी होतं. बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ‘बसंत’ नावाचं शेतीविमान बांधलं. पहिला आराखडा जमला नाही, तो बदलून नवं विमान मार्च १९७२ मध्ये उडालं. चारशे अश्वशक्तीचं इंजिन, एकच बसण्याची जागा, वाइकच्याच वळणाची बांधणी. जेमतेम चाळीस बसंत तयार झाली आणि १९८० मध्ये उत्पादन थांबलं. ज्या देशात विमानाचं नाव वसंत ऋतूवरून ठेवतात तिथे त्याला इतक्या लवकर पानगळ लागावी याचं वाईट वाटतं, पण कारणं शोधायला लांब जावं लागत नाही.

नेरच्या रस्त्याला लागा आणि बांधावर उभं राहून पाहा. एका वावरात कपाशी, शेजारी मका, पलीकडे कांद्याचं रोप, मध्ये बाभळीची ओळ, विहीर, विहिरीपर्यंत गेलेली लोंबकळती वीजतार, गोठा, आणि गोठ्यात पाळण्यात निजलेलं पोर. विमानाला सरळ एक किलोमीटर एकाच पिकाचं रान लागतं. इथे कपाशीवर सोडलेलं औषध शेजारच्या मेथीवर पडणार आणि ती मेथी उद्या पाचकंदीलच्या बाजारात येणार. रावेर-यावलची केळी सलग आहे खरी. मध्य अमेरिकेत केळीच्या करप्यावर विमानांनीच फवारतात. पण आपल्या केळीबागांमधून किती तारा जातात हे केळी उत्पादकांना विचारा.

आणि केरळचा कासरगोड आहेच. तिथल्या सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर सत्तरच्या दशकापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान मारत. बागा टेकड्यांवर, गावं आणि झरे खाली. विमान पडलं नाही, कुणाचा पंख तुटला नाही. पडलं ते औषध, पंचवीस वर्षं, थेंबाथेंबानं. सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०११ रोजी एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख द्यायला केरळ सरकारला सांगितलं. युरोपीय संघानं तर २००९ मध्येच विमानातून फवारणी सरसकट बंद केली, अपवादाला परवानगी घ्यावी लागते.

तेव्हा खानदेशात फवारणीचं विमान आलं नाही, हे बरंच झालं असं म्हणून हा लेख इथे मिटवता आला असता. पण विमान नाही म्हणून फवारणी थांबली नाही. ती माणसाच्या पाठीवर आली.

सप्टेंबरमध्ये कपाशी छातीला लागते. सोळा लिटरचा पंप पाठीवर, भरल्यावर वीस किलोच्या घरात. टिपाडात औषध कालवलेलं, माप म्हणजे बाटलीचं झाकण, ढवळायला तुऱ्हाटीची काडी. तोंडाला रुमाल, जो घटकाभरात घामानं आणि तुषारानं ओला होतो, म्हणजे औषधाची पट्टीच नाकाला बांधल्यासारखं. पाय अनवाणी. मी पाहत होतो तेव्हा नोझल तुंबलं. त्या माणसानं ते फिरवून काढलं, विजारीला पुसलं, ओठांत धरलं आणि जोरानं फुंकलं. मग थुंकला, नोझल बसवलं आणि ओळीत शिरला. कपाशीच्या वर फक्त त्याचं डोकं आणि पिवळी टाकी दिसत होती. वाइकनं वैमानिक आणि औषध यांच्यामध्ये लोखंडी पिंजरा घातला होता. इथे दोघांच्या मध्ये एक बनियन.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले. शेकडो दवाखान्यात भरती झाले, काहींची दृष्टी काही काळ गेली. कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, आणि जोरदार तुषार उडवणारे नवे बॅटरी पंप. गुलाबी बोंडअळीनं त्याच हंगामात आपल्याकडेही शेतं खाल्ली. ‘औषध मारनंच पडस ना भाऊ’ हे वाक्य खानदेशात कोणत्याही पारावर ऐकायला मिळेल, आणि त्याला उत्तर नाही.

एक विमान पडलं की केंद्रीय मंत्री शोक व्यक्त करतात, विमान अपघात तपास ब्युरो येतो, अवशेषाचा तुकडा न् तुकडा मोजतात, अहवाल लिहितात. वर्डीच्या अपघाताचंही तसंच झालं आणि ते व्हायलाच हवं. पण पंपवाल्याचा मृत्यू हा अपघात आहे, त्याचंही नोझल, कपाशीची उंची, वारा, मिश्रण मोजून लिहून ठेवायला हवं, असं आपल्याला वाटत नाही. यवतमाळला विशेष तपास पथक नेमलं गेलं ते मृत्यूंची रांग लागल्यावर. एकेकटा गेलेला माणूस आकस्मिक मृत्यूच्या नोंदवहीत एका ओळीत संपतो. विमान उडवणं धाडसाचं काम आणि पंप मारणं रोजंदारीचं, एवढाच काय तो फरक.

वर्डीकडे पुन्हा यायला हवं. विमान पडलं ती जागा डोंगरात, रस्ता नाही, वर पावसाळा. पोलीस आणि रुग्णवाहिका पोहोचायच्या आधी तिथे पोहोचले ते पाड्यावरचे आदिवासी. त्यांनी मोडक्या सांगाड्यातून मुलीला बाहेर काढलं. डोंगरात स्ट्रेचर कुठून आणणार? एका बाईनं आपली साडी दिली. साडीची झोळी लाकडाला बांधून माणसांनी ती खांद्यावर घेतली आणि निसरड्या वाटेनं मुलीला खाली रस्त्यापर्यंत आणलं. तिथून चोपड्याच्या दवाखान्यात. मुलगी वाचली.

जगभर फवारणीविमानांचे अपघात असेच होतात, कुणाच्या तरी वावरात, आणि पहिला धावतो तो शेजारच्या शेतातला माणूस. फक्त तिथे फुटलेल्या टाकीतून विष सांडत असतं, आणि धावणाऱ्याला ते ठाऊक नसतं. वर्डीचं विमान शिकवणीचं होतं, टाकीत औषध नव्हतं. मामांच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आलं, यात त्या झोळीवाल्यांचंही नशीब होतं, हे मला फार उशिरा सुचलं.

आता फवारणीचं इमान पुन्हा येत आहे, लहान होऊन. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ड्रोनचे नियम सुटसुटीत झाले. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं १,२६१ कोटी रुपये मंजूर केले. पंधरा हजार बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ऐंशी टक्के आणि जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत मदत, आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एक एकर काही मिनिटांत उरकतो आणि उडवणारी बाई बांधावर उभी असते. तिच्या पाठीवर पंप नाही, तिला नोझल फुंकावं लागत नाही. हे मला मनापासून चांगलं वाटतं. ड्रोन तारेत अडकला तर पैसे जातील, माणूस जाणार नाही. वाइकचं अर्धवट राहिलेलं काम कुणीतरी पुरं केल्यासारखं आहे ते.

फक्त हवेतून पडणारं औषध शेजाऱ्याचा बांध ओळखत नाही, हे कासरगोडपासून बदललेलं नाही. आणि इथे एक जुना कागद कामाचा आहे. कीटकनाशक नियम १९७१ मधला त्रेचाळिसावा नियम हवाई फवारणीचा. तो म्हणतो, क्षेत्रावर खुणा करा, मंजूर औषध मंजूर उंचीवरूनच मारा, जमिनीवरच्या माणसांना धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय ठेवा, माणसं-गुरं ठराविक काळ त्या रानात जाऊ देऊ नका, आणि निदान चोवीस तास आधी लोकांना कळवा. बसंतच्या जमान्यात लिहिलेला हा नियम आहे. त्या वेळी दवंडी होती, आता प्रत्येक गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, ज्यावर सकाळी शंभर गुड मॉर्निंग येतात.

तर दिवाळीनंतर हरभऱ्यावर किंवा येत्या पावसाळ्यात कपाशीवर तुमच्या शिवारात ड्रोन येणार असेल, तर आदल्या दिवशी त्या ग्रुपवर निरोप टाका: कोणतं वावर, कोणतं औषध, किती वाजता. विहिरीवर ताडपत्री ओढा, मधाच्या पेट्या हलवा, शेजारच्या वेचणीवाल्या बायांना त्या दिवशी दुसऱ्या रानात पाठवा. आणि ताई ड्रोन घेऊन आल्या की आधी चहा विचारू नका, बांधावर घेऊन जा आणि तार कुठून जाते ते बोटानं दाखवा. दुपारी पुन्हा एकदा दाखवा.